तांब्याची बुरशीनाशकं आणि त्यांचे नियम: सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

पावसाळा सुरू झाला की बोर्डो, सीओसी, मोरचूद यावरचे तेच ते प्रश्न परत येतात. बहुतेक द्राक्षवाल्यांचे असतात, पण डाळिंब, सुपारी, संत्रा, टोमॅटोवाल्यांचेही येतात. सगळे एका जागी आणलेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, म्हणजे तेच ते परत वाचावं लागणार नाही.

१. तांब्याची औषधं म्हणजे नेमकी कुठकुठली?

सगळ्यात जुनं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना. फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांनी १८८५ साली ते द्राक्षाच्या डाऊनीवर (केवडा, पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग) जाहीर केलं म्हणून ते नाव पडलं. त्यानंतर डब्यात तयार मिळणारी आली, कॉपर ऑक्सिक्लोराईड म्हणजे आपलं सीओसी, कॉपर हायड्रॉक्साईड, क्युप्रस ऑक्साईड, आणि सीओसीत कासुगामायसीन (एक अँटिबायोटिक) मिसळलेलं तयार कॉम्बिनेशन. नावं कितीही वेगळी असली तरी बुरशीला मारतो तो तांब्याचा आयनच, आणि जमिनीत शेवटी साठतं तेही तांबंच. त्यामुळे नियम बघताना ब्रँड विसरा, तांबं किती गेलं तेवढं बघा.

२. तांब्यावर भारतात बंदी आहे का? व्हॉट्सअपवर यादी फिरतेय.

नाही. २०२० च्या मे महिन्यात केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब, कॅप्टन, कार्बेन्डाझिम, झायरम ही रोजच्या वापरातली बुरशीनाशकं होती आणि तीच यादी अजून फिरत असते. सीओसी किंवा मोरचूद त्यात नव्हतं. पुढे अंतिम आदेशात त्या २७ पैकी मोजक्याच औषधांवर पूर्ण बंदी आली. यादी फॉरवर्ड करायच्या आधी तो मसुदा आहे की अंतिम राजपत्र, एवढं तरी बघत चला, मसुद्याच्या अफवेवर लोक चांगलं औषध सोडून दुकानदार देईल ते भलतंच घेऊन येतात.

३. मग मी एकरी किती तांबं मारायचं यावर कायद्याने काही लिमिट आहे का?

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. बुरशीनाशक, तणनाशक सगळी त्यातच येतात. फरीदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती आहे, तिथे कंपनीने औषध नोंदवायचं, कुठल्या पिकावर, कुठल्या रोगावर, किती डोस, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं हे सगळं मंजूर करून घ्यायचं, तेच लेबलवर आणि आतल्या माहितीपत्रकावर छापायचं. विकणाऱ्याला परवाना लागतो, निरीक्षक दुकानातून नमुना घेऊ शकतो, नमुना फेल गेला तर खटला होतो.

आता बारकावा बघा. याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये लिहिलंय की स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर औषध वापरणाऱ्याला हा कायदा लागू नाही. म्हणजे कारखाना, गोडाऊन, दुकान इथपर्यंत कायदा आहे आणि बांधावर येऊन तो थांबतो. लेबलवर डोस आहे, पण हेक्टरी वर्षाला एकूण अमुक किलोच्या वर तांबं जाता कामा नये असं काही नाही. एका सीझनला तीन कंपन्यांचे तीन डबे, प्रत्येक लेबलप्रमाणे बरोबर डोसने मारले तरी तिघांची बेरीज करणारं कोणी नाही.

शेतकऱ्यावर कारवाईचा बडगा नको असं म्हणून हे कलम ठेवलं असेल तर ते मला समजतं, आणि शेतकऱ्याला दंड लावा असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की तुमच्या जमिनीतल्या तांब्याचा हिशोब तुम्ही ठेवला तरच राहणार. पुढचे बरेच प्रश्न फिरून फिरून इथेच येतात.

४. तांबं तर पिकाला लागतंच ना, सूक्ष्म अन्नद्रव्य आहे. मग एवढा आक्षेप कशाला?

लागतं, पण ग्रॅममध्ये. आपण फवारतो किलोमध्ये. बाकीची औषधं ऊन, पाणी, जिवाणू यांच्यामुळे कधी ना कधी तुटतात. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते तुटून दुसरं काही होतच नाही. पानावरून धुतलं की मातीत येतं आणि वरच्या थरात सेंद्रिय पदार्थाला, चिकणमातीला धरून बसतं. आजोबांनी मारलेलं तांबं आजही त्याच बांधाच्या आत आहे.

हिशोब सोपा आहे. एक हेक्टरची वरची २० सेंमी माती साधारण २६०० टन भरते. त्यात ४ किलो तांबं टाकलं की मातीच्या प्रत्येक किलोत सुमारे दीड मिलिग्रॅमची भर पडते. वर्षाला १० किलो टाकलं तर जवळपास ४ मिलिग्रॅम, आणि असं वीस वर्षं चाललं तर ७५ च्या पुढे. युरोपभरच्या मातीचे नमुने तपासले तेव्हा सगळ्या जमिनींची सरासरी किलोला १७ मिलिग्रॅमच्या आसपास आली आणि द्राक्षबागांची ४९ च्या आसपास. हा फरक फवारणीचाच आहे.

जास्त झालं की आधी गांडुळं कमी होतात, मग मातीतले जिवाणू आणि उपयोगी बुरश्या, नंतर मुळं. पाण्यात गेलं तर मासे आणि शेवाळ पहिल्यांदा मरतात. हे एका सीझनमध्ये डोळ्याला दिसत नाही, दिसतं तोपर्यंत उपाय उरलेला नसतो कारण मातीतून तांबं बाहेर काढायचा परवडणारा मार्गच नाही.

५. युरोपचा २८ किलोचा नियम म्हणजे काय?

१ जानेवारी २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये हेक्टरी सात वर्षांत मिळून जास्तीत जास्त २८ किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. एकरात सांगायचं तर वर्षाला सुमारे १.६ किलो. हे वजन धातुरूप तांब्याचं आहे, औषधाचं नाही. सात वर्षांची मुदत एवढ्यासाठी की एखाद्या ओल्या वर्षी ६ किलो मारावं लागलं तर कोरड्या वर्षी २ किलोवर भरून काढता यावं. पण एखाद्या देशाला ही सवलत नको असेल तर तो दरवर्षी सरळ ४ किलोची टोपी लावू शकतो. जर्मनीत तर बहुतेक पिकांना ३ किलोवरच थांबतात.

हे एकदम आलेलं नाही. तिथल्या सेंद्रिय शेतीत २००२ पासून हेक्टरी ८ किलो चालायचं, २००६ पासून ६ वर आलं, मग सगळ्यांनाच ४. शिवाय २०१५ पासून तांबं तिथे 'पर्याय शोधून काढून टाकायच्या' यादीत आहे कारण ते टिकून राहतं आणि विषारीही आहे. २०१९ ची मंजुरी २०२५ अखेरपर्यंतची होती, ती पुढे वाढवली गेली. म्हणजे बंद झालेलं नाही, पण दार हळूहळू लोटलं जातंय. पूर्ण बंद का करत नाहीत ते प्रश्न २० मध्ये.

६. माझ्या एका फवारणीत तांबं किती जातं ते कसं काढू?

कागद पेन घ्या. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के असतं. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. एकरी ४०० लिटर पाणी मारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. पावसाळ्यात खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातली, काडी तयार करायची छाटणी) काडीवर असे चार राऊंड झाले तर एकरी ४ किलो, हेक्टरी जवळजवळ १०. युरोपच्या वर्षाला ४ किलोच्या अडीचपट, आणि त्यात गोडी छाटणीनंतरचं (फळासाठीची छाटणी) काहीच धरलेलं नाही.

तेच बोर्डो अर्ध्या टक्क्याचं केलं तर निम्मं. सीओसी ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅमने ४०० लिटर मारलं तर १ किलो पावडर म्हणजे अर्धा किलो तांबं. हायड्रॉक्साईड ७७ टक्के, २ ग्रॅमने मारलं तर ८०० ग्रॅम पावडर आणि सुमारे ४०० ग्रॅम तांबं.

फवारणीच्या वहीत तारीख, औषध, डोस, पाणी हे सगळे लिहितातच, त्याच्या शेजारी फक्त एक रकाना वाढवा, 'तांबं किलो'. वर्षाच्या शेवटी बेरीज. एवढंच करायचंय.

७. डब्यावर ७७ टक्के लिहिलंय आणि तुम्ही ५० धरता, असं का?

कारण ७७ टक्के हे कॉपर हायड्रॉक्साईड आहे, तांबं नाही. हायड्रॉक्साईडमध्ये तांब्याचा वाटा साधारण ६५ टक्के, त्यामुळे ७७ मधून तांबं सुमारे ५० टक्के निघतं. ५३.८ टक्क्यांचं जे हायड्रॉक्साईड मिळतं त्यात सुमारे ३५ टक्के. याउलट सीओसी ५० टक्के डब्ल्यूपी (पाण्यात मिसळायची पावडर) म्हणतात तेव्हा तो ५० आकडा धातुरूप तांब्याचा धरतात. तयार कॉम्बिनेशनला अजून वेगळं. म्हणून मोठ्या अक्षरातल्या आकड्यावर जाऊ नका, लेबलवर बारीक अक्षरात घटकांचा तक्ता असतो त्यात 'धातुरूप तांबं' शोधा, नाही सापडलं तर कंपनीच्या माणसाला विचारा, त्याला ते सांगता आलंच पाहिजे.

८. सर, माझी द्राक्षं युरोपला जातात. मग २८ किलोचा नियम मला लागू आहे का?

साध्या निर्यातीला थेट लागू नाही. २८ किलोचा नियम तिथल्या जमिनीसाठी आहे. तुमच्या मालाला लागू होते ती अवशेषाची मर्यादा, म्हणजे मण्यात किती मिलिग्रॅम सापडलं ती. द्राक्षात तांब्याची मर्यादा तिथे अनेक वर्षं किलोला ५० मिलिग्रॅम अशी सढळ राहिलीय, टोमॅटो बटाट्याला ५. हे आकडे बदलू शकतात, त्यामुळे माल पाठवायच्या आधी त्या सीझनची यादी बघायचीच.

आपल्याकडे अपेडाची (शेतमाल निर्यातीचं बघणारी केंद्राची संस्था) ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून आहे. बाग नोंदवायची, नमुना लॅबला, रिपोर्ट पास झाला तरच कंटेनर. पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दरवर्षी औषधांची यादी काढतं, आपण ज्याला अनेक्श्चर ५ म्हणतो ती, त्यात प्रत्येक औषधापुढे काढणीपूर्व किती दिवस ते असतं. तांब्यासाठी तोच आकडा पाळा, शेजाऱ्याने सांगितलेला नको.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१० ला क्लोरमेक्वाटमुळे (वेलीची वाढ रोखणारं औषध) आपले कंटेनर अडकले तेव्हा ते औषध इथे सर्रास वापरात होतं, कोणाला त्यात गैर वाटत नव्हतं. तिकडची मर्यादा वेगळी निघाली आणि फटका इकडे बसला. तांब्याची मर्यादा आज सढळ आहे म्हणून ती कायम तशीच राहील असं धरून बाग चालवू नये असं मला वाटतं. आणि सुपरमार्केटवाले कायद्यापेक्षा कडक अटी घालतात ते तुम्हाला माहितीच आहे.

९. नेदरलँडमध्ये तांब्याला परवानगीच नाही म्हणतात, आणि आपला माल तर रॉटरडॅमलाच उतरतो. हे कसं चालतं?

खरंय. नेदरलँड आणि डेन्मार्कमध्ये तिथल्या शेतकऱ्याला बुरशीनाशक म्हणून तांबं मारता येत नाही. पण आयात मालाला अवशेषाची मर्यादा सगळ्या युनियनला एकच आहे, त्यामुळे तुमची पेटी त्या मर्यादेत असेल तर रॉटरडॅमला अडत नाही. 'वापरायला बंदी' आणि 'अवशेष चालतो' हे दोन वेगळे कायदे आहेत. तिथल्या शेतकऱ्याला हे अन्यायाचं वाटतं आणि आपण त्याच्या जागी असतो तर आपल्यालाही वाटलं असतं, म्हणूनच तिकडे आयात मालावरही तेच नियम लावा अशी मागणी होत असते.

१०. सेंद्रिय सर्टिफिकेट असलेल्या बागेत तांबं कसं काय चालतं?

कारण सेंद्रियमध्ये बुरशीला रोखणारं दुसरं ताकदीचं हत्यार फारसं नाही. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमात (एनपीओपी) तांब्याचे क्षार 'निर्बंधित' प्रकारात आहेत. म्हणजे मनाला येईल तेव्हा मारायचं नाही, प्रमाणीकरण संस्थेला गरज दाखवायची, त्यांच्या देखरेखीखाली वापरायचं आणि नोंद ठेवायची. सेंद्रिय म्हणून युरोपला पाठवायचं असेल तर प्रश्न ५ मधली २८ किलोची मर्यादा तिथल्या सेंद्रिय नियमातही आहे, तेव्हा आपल्या संस्थेकडून लेखी घ्या की तुमच्या प्लॉटला कुठली मर्यादा धरणार. डीमीटर या बायोडायनॅमिक सर्टिफिकेटवाल्यांकडे तर सरासरी ३ किलोच.

गिऱ्हाईकाला मात्र खरं सांगा. 'आम्ही काहीच फवारत नाही' आणि 'आम्ही बोर्डो मारतो पण मोजून' यात फरक आहे, आणि दुसरं सांगण्यात कमीपणा काही नाही.

११. मी तांब्याची तार आंबट ताकात ठेवून ते ताक फवारतो. नैसर्गिक आहे, हे पण मोजायचं?

मोजायचं. ताकातलं आम्ल तांबं विरघळवतं, ताक निळं-हिरवं होतं ते त्यामुळेच. रोगावर जे काही काम होतं त्यात त्या विरघळलेल्या तांब्याचा मोठा हात असतो, फक्त इथे डोस कोणालाच माहीत नसतो. कधी फार कमी, कधी पान करपेल इतकं.

उपाय सोपा आहे. तार किंवा पत्रा ताकात टाकायच्या आधी चांगल्या वजनकाट्यावर तोला, काढल्यावर धुवून वाळवून परत तोला. जेवढं कमी भरलं तेवढं तांबं तुमच्या ताकात गेलं. ते वहीत लिहा. सर्टिफिकेट असेल तर हेही संस्थेला सांगायचं.

१२. मोरचूद खताच्या दुकानात स्वस्त मिळतं, तेच बोर्डोला वापरलं तर? आणि घरी बोर्डो बनवणं कायदेशीर आहे ना?

घरी बनवून स्वतःच्या बागेत मारणं, काही अडचण नाही, कलम ३८ (प्रश्न ३). बनवून कॅनमध्ये भरून गावात विकायला लागलात तर मात्र तो नोंदणी आणि परवान्याशिवायचा धंदा झाला आणि तो गुन्हा आहे. एका बचतगटाने हे विचारलं होतं म्हणून स्पष्ट लिहितोय.

मोरचुदाची गंमत अशी की तेच निळे खडे वेगवेगळ्या दारांनी बाजारात येतात. कीडनाशक म्हणून आले तर १९६८ चा कायदा, सूक्ष्म अन्नद्रव्य खत म्हणून आले तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश (त्यात कमीत कमी २४ टक्के तांबं असायला हवं), आणि औद्योगिक वापराचे आले तर शेतीच्या दृष्टीने काहीच तपासणी नाही. तिसऱ्या प्रकारात काय भेसळ आहे, दुसरा कुठला जड धातू आहे का, हे कोणी बघितलेलं नसतं. पोत्याच्या मागे चार पैसे वाचतात म्हणून ते घेऊ नका. पक्की पावती घ्या, त्यावर बॅच नंबर असला पाहिजे, बोर्डोमुळे घडाला डाग पडले तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करायला तीच पावती कामाला येते.

आणि खत म्हणून जमिनीतून दिलेलं तांबंही वहीत धरायचं. माती विचारत नाही कुठल्या कायद्याखाली आलं.

१३. लेबलवर माझं पीक नाही, पण कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो चालतं. चालतं का?

दुकानदाराने लेबलबाहेरची शिफारस करायला नको. तुम्ही स्वतःच्या शेतात मारलंत तर तुमच्यावर खटला होणार नाही, पण पीक जळालं तर कंपनी हात वर करते आणि विमा, भरपाई कुठेच तुमचं म्हणणं टिकत नाही. माल निर्यातीचा असेल तर लेबलबाहेरचं औषध वहीत दिसणं हाच प्रॉब्लेम. ड्रॅगनफ्रूट, स्ट्रॉबेरी अशा पिकांना हे फार होतं कारण त्यांच्यासाठी नोंदलेली औषधंच कमी. कृषी विद्यापीठाची लेखी शिफारस असेल तर निदान तिची झेरॉक्स वहीत लावून ठेवा.

१४. माती तपासताना काय सांगायचं? माझ्या रिपोर्टवर तांबं 'भरपूर' आलंय, मग घाबरू का?

नेहमीच्या रिपोर्टवर येतं ते डीटीपीए पद्धतीने काढलेलं 'उपलब्ध' तांबं. ती चाचणी कमतरता शोधायला आहे, ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर कमी म्हणतात. वरच्या टोकाला धोका किती ते त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी लॅबला वेगळं सांगून 'एकूण तांबं' काढायला लावा, पैसे थोडे जास्त पडतात.

पण आकडा वाचताना सांभाळून. आपली काळी जमीन बेसॉल्टपासून झालीय आणि बेसॉल्टमध्ये मुळातच तांबं जास्त. नाशिक-सांगलीकडच्या जमिनीत न फवारताही एकूण तांब्याचा आकडा युरोपच्या सरासरीपेक्षा बराच वर असू शकतो. तिकडे सांडपाण्याचा गाळ शेतात टाकताना मातीतल्या तांब्याची मर्यादा ५० ते १४० मिलिग्रॅम अशी ठेवलीय, ती इथे जशीच्या तशी लावली तर कधीही न फवारलेलं रानही फेल होईल. म्हणून दोन नमुने द्या, एक बागेतल्या ओळीतला, एक बांधाच्या पलीकडच्या पडीक जागेचा, खोली दोन्हीकडे तीच. दोघांतला फरक म्हणजे तुमच्या फवारणीचं तांबं. हे तीन-चार वर्षांतून एकदा केलं तरी पुरे, आणि हा फरक वाढतोय की थांबलाय तेच बघायचं असतं.

चुनखडीच्या जमिनीत तांबं घट्ट धरलं जातं त्यामुळे मुळांना त्रास उशिरा होतो. आम्लधर्मी जमिनीत उलटं, त्यासाठी पुढचा प्रश्न.

१५. आम्ही गोव्याकडचे, कुळागरात सुपारीला दरवर्षी बोर्डो लागतोच. आम्ही काय करायचं?

कोळेरोग (सुपारीची फळं कुजून गळतात तो पावसाळी रोग) म्हटल्यावर पावसाच्या तोंडावर एक टक्क्याचा बोर्डो आणि ४०-४५ दिवसांनी दुसरा, हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ते सोडा असं मी म्हणणार नाही, सोडलं तर घोस गळून पडतात. पण तुमची जमीन जांभ्याची, आम्लधर्मी. तांबं तिथे जास्त मोकळं राहतं, मुळांना आणि पाण्याला लवकर पोचतं. त्यात कुळागर म्हणजे उतार, पाट, खाली ओहोळ, आणि एकाच जागेत सुपारीखाली मिरी, वेलची, केळी. वरून पडलेलं सगळं त्यांच्यावर.

फवारा फक्त घोसावर धरा, झावळ्यांवर वाया घालवू नका. पंप, पिंप ओहोळात धुवायचं नाही, हे खरंच कळकळीने सांगतोय, एका पिंपाच्या धुवणाने खालच्या कोंडीतले मासे मरू शकतात. धुवणाचं पाणी झाडाच्या आळ्यातही रोज एकाच जागी ओतू नका. ज्यांना जमतं ते घोसाला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, मजुरी लागते पण तेवढा बोर्डो वाचतो.

१६. डाळिंबाच्या तेल्यावर (फळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूंचा रोग) सीओसी आणि स्ट्रेप्टो मारायचो. आता स्ट्रेप्टो नको म्हणतात, मग तांब्याचा डोस वाढवू का?

डोस वाढवू नका. शेतीत स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीन बंद करायची प्रक्रिया केंद्राने २०२१ मध्ये सुरू केली कारण माणसाच्या अँटिबायोटिकना जंतू दाद देईनासे होतात, आणि ती काळजी खरी आहे. पण त्याची भरपाई म्हणून दर आठ दिवसांनी तांबं मारलं तर तेल्याच्या कुळातल्या जिवाणूंमध्येही तांब्याला न जुमानणारे प्रकार तयार होतात, टोमॅटो-मिरचीच्या ठिपक्यांच्या रोगात हे जगभर दिसलंय. तेल्यात बहार (फुलं-फळं धरायचा हंगाम) कुठला धरता, छाटणीच्या कात्र्या निर्जंतुक करता का, रोगट फळं बागेबाहेर नेऊन नष्ट करता का, याचा परिणाम फवारणीपेक्षा कमी नाही. पावसाळ्यातला मृग बहार सोडून हस्त किंवा आंबे बहार धरला तर निम्म्या फवारण्या तशाच वाचतात.

१७. पाऊस आला, धुवून गेलं, परत मारलं. दोनदा मोजायचं? आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावतो ती?

दोनदाच मोजायचं. धुवून गेलं म्हणजे पानावरून गेलं, शेतातून नाही.

पेस्ट धरायची, पण ती फार भरत नाही. १० टक्के पेस्ट म्हणजे १० लिटरला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, त्यात तांबं पाव किलो, आणि तेवढ्यात संत्र्याची, आंब्याची बरीच खोडं होतात. डिंक्याला (खोडातून डिंक गळतो तो रोग) पेस्ट लावणं हा तांब्याचा सगळ्यात चांगला उपयोग आहे असं मी म्हणेन, जिथे पाहिजे तिथेच जातं.

१८. बाग खंडाने घेतलीय / विकत घेतोय. आधीच्या माणसाने किती मारलं ते माझ्या डोक्यावर कशाला?

कारण माती तीच आहे. युरोपच्या सात वर्षांच्या खात्यातही हिशोब हेक्टरचा असतो. आपल्याकडे अशी कागदपत्रं नसतात, सातबाऱ्यावर तांबं लिहिलेलं नसतं. म्हणून जुनी द्राक्षबाग घेताना, खासकरून ती काढून तिथे भाजीपाला किंवा नवी रोपं लावायची असतील तर, प्रश्न १४ मधली दोन नमुन्यांची तपासणी व्यवहाराआधी करा. खोल मुळांच्या जुन्या वेलीला जे सोसतं ते वरच्या थरात मुळं असलेल्या रोपाला सोसेलच असं नाही. खंडाने देणाऱ्या मालकांनीही करारात फवारणीची वही परत द्यायची अट टाकावी.

१९. धनगरांच्या मेंढ्या बागेत बसवतो, आणि फवारणीला गडी असतो. कोणाला काही धोका?

मेंढ्यांना नक्की. पाळीव जनावरांत तांब्याला सगळ्यात नाजूक मेंढीच, ते लिव्हरमध्ये साठत जातं आणि एक दिवस अचानक जनावर जातं, कारणही कळत नाही. बोर्डो ताजा असताना, पानावर निळा थर दिसत असताना, खालच्या गवतात मेंढ्या सोडू नका. पानगळ झालेली, बरेच पाऊस पडून गेलेले, खाली नवं गवत आलेलं, अशा वेळीच बसवा आणि मेंढपाळ दादांना आधी सांगा काय मारलंय आणि कधी. त्यांचं आख्खं वर्ष त्या कळपावर असतं.

माणसाचं म्हणाल तर मोरचूद डोळ्यात गेलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, पोटात गेलं तर जिवावर बेततं. १९६९ मध्ये पोर्तुगालमधल्या द्राक्षबागेतल्या फवारणी कामगारांच्या फुफ्फुसांचा आजार डॉक्टरांनी नोंदवला, वर्षानुवर्षं बोर्डोचे तुषार छातीत घेतल्यामुळे झालेला. तेव्हा गड्याला मास्क, चष्मा, हातमोजे तुम्ही आणून द्यायचे, त्याने मागायची वाट बघायची नाही. नियमातही कामगाराला संरक्षक साहित्य द्यायचंच आहे. खडे मुलांच्या हाताला लागतील असे ठेवायचे नाहीत, निळा रंग त्यांना ओढतो.

२०. एवढं सगळं असेल तर सरळ बंदच का करत नाहीत?

कारण तांबं बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी मारा करतं, त्यामुळे डाऊनीसारख्या बुरशीला त्याची सवय लागत नाही. एकाच जागी काम करणारी महागडी औषधं काही वर्षांत बोथट होतात आणि मग बोर्डोच उरतो. उद्या तांबं गेलं तर सेंद्रियवाले सगळ्यात आधी अडचणीत येतील, आणि बाकीचे जास्त प्रमाणात दुसरी रसायनं मारतील. म्हणून माझं मत बंदीच्या बाजूने नाही, मोजणीच्या बाजूने आहे. हेक्टरी वर्षाची एक मर्यादा आपल्याकडेही लेबलवर यावी, सगळ्या तांब्याच्या औषधांची मिळून, आणि धातुरूप तांब्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापणं सक्तीचं व्हावं. यात शेतकऱ्याला दंड करायची गरजच नाही, फक्त त्याला बेरीज करता आली पाहिजे.

२१. मर्यादा येईल तेव्हा बघू. आत्ता कमी करायचं असेल तर सुरुवात कुठून?

बोर्डोची टक्केवारी आधी बघा. पावसाळी काडीवर सवयीने १ टक्का मारतात, लहान कॅनॉपीला (पानोरा कमी असताना) आणि पाऊस कमी असताना अर्ध्या टक्क्याने भागतं का ते दोन ओळींवर करून बघा. मग पाणी. नोझल झिजलेलं असेल तर एकरी शंभर लिटर जास्त जातं आणि ते पानावर न राहता जमिनीवर टपकतं, तेव्हा नोझल दर सीझनला बदला. हवामान केंद्राचा डेटा किंवा निदान पान किती तास ओलं राहिलं ते बघून फवारा, वार बघून नको. शेंडे, बगलफुटी वेळेवर काढा म्हणजे वारा खेळता राहील. प्लॅस्टिक कव्हर परवडणाऱ्यांनी टाकलंच आहे, पान कोरडं राहिलं की डाऊनीचं निम्मं काम संपतं.

बोर्डो बनवताना चुना कमी पडला तर तांबं मोकळं राहून पान जळतं, म्हणून विळ्याची चाचणी सोडू नका: स्वच्छ लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवा, तांबूस थर आला तर चुना अजून घाला. चुना आधीच विझलेला, जुना, ओला झालेला असेल तर वजनाने बरोबर असूनही कमी पडतो, ताजाच वापरा. आणि फोसेटिल-अॅल्युमिनियमसारखं आम्लधर्मी औषध तांब्याबरोबर एका टाकीत घालायचं नाही, लागोपाठही मारायचं नाही, पान करपतं.